बाळंतिणीच्या खोलीतला समुद्र

"पितळेत मिठाचं पानी नोको ठेवू वो सूनबाई, कळकते," असं केशरबाई तांदूळ पाखडता पाखडता, सुपावरची नजरही न हलवता म्हणाल्या होत्या, आणि कुसुम हसली होती. त्या हसण्यात उर्मटपणा नव्हता. सासूबाईंपुढं उर्मट व्हायची तिची छातीच नव्हती. पण नागपूरला तीन वर्षं वसतिगृहात राहून प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला कधीकधी असं एक हसू येतं, जे आपण हसलो हे त्याला स्वतःलाही कळत नाही. कळकतं ते ताक, चिंचेचं सार, लोणचं. आणि त्रास होतो तो खाणाऱ्याला. हे पाणी कोण पिणार होतं? मुंबईहून तिच्या भावानं, मोतीलालनं, रेल्वेच्या पार्सलनं पाठवलेलं समुद्राचं पाणी होतं ते. चार कॅनपैकी एकाला रॉकेलचा वास येत होता, म्हणून तिनं त्यातलं पाणी लग्नात माहेरून मिळालेल्या पितळी गुंडात ओतून ठेवलं. तांब्यापितळेतलं पाणी शुद्ध असतं, हे तिनं पवनीला आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं; आणि गुंड भंडाऱ्याच्या कासारानं घडवलेला, गळ्याशी 'चि. सौ. कुसुम' असं कोरलेला, घासून घासून देव्हाऱ्यातल्या घंटेसारखा झालेला. वास गेला. तिसऱ्या दिवशी तिनं ते पाणी बैठकीतल्या माशांच्या अडीच फुटी काचेच्या टाकीत भरलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची तीन वर्षांची रुखमा टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती आणि म्हणत होती, "आई, केशरी मासे झोपले. कुशीवर झोपले."

इतकंच झालं होतं खरं तर. दोन बोटांएवढे दोन मासे मेले. तुमसरसारख्या गावात, जिथं सकाळी तीन राइस मिलचे भोंगे एकामागून एक वाजतात आणि कोंड्याची राख ओट्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, तिथं दोन माशांचं कोण घेऊन बसलंय? पण कुसुमच्या आत काहीतरी खट्कन निसटलं. तिनं रुखमाला उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि म्हणाली, "ते गेले ग, समुद्रात गेले." खांद्यातून आवाज आला, "कोणत्या रस्त्यानं?" पुढं कितीतरी दिवस, पाटावर बसून, चहा घेताना, रुखमाची वेणी घालताना मध्येच ती मनात रस्ता शोधायची. वैनगंगेतून, मग गोदावरीतून. पण वैनगंगेपर्यंत कसं?

टाकीत एक निळा मासा अजून जिवंत होता. तो कोपऱ्यात वर तोंड करून धापा टाकत होता. त्याला तिनं, टाकी धुऊन पुन्हा भरेपर्यंत, प्लॅस्टिकच्या बादलीत, उरलेल्या कॅनमधल्या चांगल्या पाण्यात सोडलं, आणि मग गुंड उन्हात नेऊन आत बघितलं. आतल्या बाजूला, पाणी जिथवर होतं तिथवर, हिरवट निळी कड धरली होती. मिठानं तांबं सोडवून घेतलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी हेच समीकरण तिनं दोनदा लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. केशरबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी गुंड हातातून घेतला, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन खाली बसल्या आणि घासायला लागल्या. घासता घासता म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यानं एकदा पितळेच्या ताटात दही खाल्लं होतं. पोटभर. मंग तीन दिवस वावरातच होता." आणि एकदम फसकन हसल्या. कुसुमला हसायचं नव्हतं. ती हसली, आणि हसता हसता रडली.

मासे हा तिचा जुना नाद. कॉलेजच्या सहलीत एकदा, फक्त एकदा, तिनं समुद्र पाहिला होता. पवनीची मुलगी, कोष्ट्यांच्या घरातली, नदी आणि तळी पाहून वाढलेली. पाणी म्हटलं की पलीकडचा काठ दिसायचाच, अशी तिची समजूत. त्या दिवशी पलीकडचा काठ नव्हता. बाकीच्या मुली भेळ खात होत्या, आणि कुसुमला एवढी भीती वाटली की तिनं चप्पल हातात धरून ठेवली, पळायला बरं म्हणून. मग मास्तरांनी एका डबक्यात बोट दाखवलं, आणि खडकातल्या त्या ओंजळभर समुद्रात एक इवलासा पट्ट्यापट्ट्यांचा मासा होता. तो अजिबात घाबरलेला नव्हता. एवढं मोठं ते सगळं त्याच्या दाराशी गर्जत होतं आणि तो आपल्या डबक्यात शेवाळ चाखत होता. त्या माशाचा तिला हेवा वाटला होता. तो अजूनही वाटतो.

मोतीलाल मुंबईत बंदरावर नोकरीला होता. त्याचं आंतर्देशीय पत्र आलं: ताई, रडू नकोस, डिसेंबरात आणखी एक केशरी जोडी पाठवतो, पण ही शेवटची. आणि या वेळी माझं ऐक. नवे मासे एकदम मोठ्या टाकीत निळ्याजवळ सोडू नकोस. दुकानातून येताना ते रोग घेऊन येतात, वरून दिसत नाही. तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेव. वाळू नको, दगड नको, नुसतं पाणी, हवा आणि लपायला एक नळीचा तुकडा. जाळं वेगळं, पेला वेगळा, हात धुतल्याशिवाय इकडचा तिकडं लावू नकोस. हे पत्र तिनं चंद्रभानना, म्हणजे नवऱ्याला, जेवताना वाचून दाखवलं. ते मिलमध्ये मशीन सांभाळायचे. कोणत्याही अडचणीला पाना लागतो की पेचकस एवढाच त्यांचा प्रश्न असायचा. ते म्हणाले, "टाकी करतो मी. खिडकीच्या काचा उरल्यात. ठेवायची कुठं?" बैठकीत राख येते. स्वयंपाकघरात धूर. परसात थंडी. कुसुम एकेक जागा मोजत असताना केशरबाई भातावर वरण ओतत म्हणाल्या, "तीन आठवडे कोनाले भेटू द्याचं नाई, हात धुवून जाचं, वारा लागू द्याचा नाई. म्हंजे बाळंतीनच झाली की वो. बाळंतिनीच्या खोलीत ठेव. कायले डोक्स खाजवून राहिली?"

ती खोली. स्वयंपाकघरामागची, एका झरोक्याची, वर्षातले अकरा महिने जिच्यात तांदळाची पोती आणि जुनी गोधडी असते. कुसुम रुखमाच्या वेळी तिथं सव्वा महिना होती, आणि त्याआधीचे एकोणीस दिवस ती तिथं असायला हवी होती तेव्हा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. सातव्या महिन्यातलं मूल. कापसात गुंडाळलेलं, काचेच्या दारापलीकडं. नर्सबाई म्हणायची, "लांबून बघा." ती लांबून बघायची. एवढ्याशा छातीचं वरखाली होणं मोजायची. मध्येच एक चुकल्यासारखं वाटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायची. घरी आणल्यावर केशरबाईंनी खोलीत शेगडी ठेवली, दाराशी विळा ठेवला, कापसाच्या वातीनं दूध पाजलं. मूल वाढलं. खरंच वाढलं, गुबगुबीत झालं, मोठ्यानं भांडायला लागलं. पण कुसुमचं मोजणं थांबलं नाही. रुखमा धावत असली तरी ती मोजायची. दिवाळीनंतर तिला बालवाडीत घालायचं ठरलं होतं. मग वॉर्डात एका घरी गोवर निघाला, मग थंडी पडली, मग मंडईच्या जत्रेची गर्दी. चंद्रभान एकदा फक्त म्हणाले, "कुसुम, गोवर कधीचा गेला." तिनं रुखमाला कानटोपी घातली. माशांचं पत्र आलं त्या दिवशी मात्र ते हात धुताना म्हणाले, "असं करू. हे मासे तीन आठवड्यांनी धडधाकट निघाले, तर त्यानंतरच्या सोमवारी रुखमा बालवाडीत. कबूल?" आणि तिच्या तोंडून "कबूल" निघून गेलं. निघून गेल्यावर तिला कळलं की आपण काय पणाला लावलं.

पोती हलली. खोली शेणानं सारवली गेली, आणि वाळल्यावर तिला तो ओळखीचा, थंड, गोडसर वास आला. चंद्रभाननी काचा जोडल्या. सांध्यांवर मोतीलालनं पाठवलेल्या ट्यूबमधला चिकट पांढरा पदार्थ त्यांनी बोटानं असा फिरवला की जसं रुखमाच्या गालावर लोणी लावताहेत. तिला एकदम वडिलांचे हात आठवले. पवनीच्या घरात नवं रंगवलेलं सूत जुन्या लडींजवळ कधी ठेवायचे नाहीत. आधी वेगळ्या घमेल्यात, वेगळ्या पाण्यात, दोन-तीन दिवस. रंग सोडतं का बघायचं. "सूत चांगलंच असतं," वडील म्हणायचे, "पण त्याला आपलं काय आहे ते सांगून टाकायला वेळ द्यावा लागतो." त्या घमेल्याकडं ती तासन् तास बघत बसायची, आणि पाणी स्वच्छच राहिलं की तिला कुणीतरी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. आता तिनं टाकीखाली चौघडी घातली, चारी बाजूंनी रजई बांधली, पुढची काच तेवढी उघडी ठेवली, वर चाळीसचा दिवा लोंबता सोडला, आणि हवेच्या पंपाची नळी आत सोडली. बुडबुडे आले. चिमणीनं पंख झाडावेत तसा आवाज. रुखमा दाराशी पाय धुऊन उभी होती, कारण आजीनं सांगितलं होतं पाय धुतल्याशिवाय आत नाई. "आई, बाळ कुठाय?" तिनं विचारलं. केशरबाई म्हणाल्या, "येऊन राह्यलं गाडीनं."

गाडीनं आलं. तुमसर रोडच्या फलाटावर, पहाटेचं धुकं फाटून ऊन पडलेलं, पार्सलबाबू गळ्यात मफलर गुंडाळून चार कॅन आणि एक डालड्याचा डबा यांच्याकडं बघत उभा. "म्याडम, याच्यात काय हाय?" "समुद्राचं पाणी." "आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव कमी पडले का हो? तलाव मोजता मोजता तलाठी म्हातारे होऊन राहिले, अन् तुमी मुंबईहून पानी मागवता?" चंद्रभान गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींना खारट लागतं." कुसुमनं त्यांना चिमटा काढला. डबा तिनं मांडीवर घेतला. आत थर्मोकोल, त्यात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन केशरी रेघा. टांगा डुलत होता, आणि ती दोन्ही हातांनी डबा धरून इतकी ताठ बसली होती की टांगेवाला म्हणाला, "वहिनी, अंडे हायत का?" तिला वाटलं, आपण मूल घेऊन दवाखान्यातून घरी आलो तो दिवस हा होता. तो दिवसही असाच होता. फक्त त्या दिवशी तिला आनंद झाला होता का, हे तिला काही केल्या आठवेना. मोजण्यात गेला असणार. आज मात्र होत होता. नाल्यावरून जाताना, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे खुंट दवानं चमकत असताना, तिला जाणवलं की आपल्या मांडीवर समुद्र आहे आणि आपण चप्पल पायात घातलेली आहे.

पाच दिवस मासे नळीच्या तुकड्यात बसून राहिले. कुसुम हात धुऊन, पाय धुऊन, आत जायची आणि कल्ल्यांची उघडझाप मोजायची. घड्याळाच्या काट्याबरोबर. रुखमा शेजारी बसून बोटं दुमडून मोजायची: एक, दोन, पाच, वीस. सहाव्या दिवशी मोठ्या केशरीच्या शेपटीवर मिठाचे दाणे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले. तिनं एकदा पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा पाहिलं. मोतीलालचं पत्र तिला पाठ होतं: ठिपके आले तर घाबरू नकोस, तांबं हेच औषध, मोरचूद. एक गुंजभर मोरचूद उकळून गार केलेल्या चार कप पाण्यात विरघळव आणि त्यातला एकच कप टाकीत, दोन दिवसांत मिळून, थोडा थोडा. जास्त झालं तर मरतील. कमी झालं तर रोग मारेल. मोरचूद! तोच हिरवट निळा रंग. गुंडाच्या आतली ती कड. ज्यानं आधीचे दोन मारले तेच हातानं मोजून पाण्यात घालायचं. ती स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, माझ्यानं नाही होणार." केशरबाई मटाराच्या शेंगा सोलत होत्या. "काहून नाई होनार? तुही पोरगी जगवली तेव्हा वातीनं दूध पाजलं. एक थेंब जास्त गेला असता नाकात, तं?" कुसुमनं मान वर केली. "तेव्हा तुम्ही पाजलं होतं, आई. मी नुसती मोजत होते." "मी पाजत होती अन् तू मोजत होतीस. तू बास म्हटलं की मी थांबत होती. मले थोडंच मोजता येते?" म्हातारीनं शेंगेतला किडका दाणा नखानं उडवला. "तुले आठवत नाई. मले आठवते."

कुसुमला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं, किंवा आठवल्यासारखं झालं. कंदिलाची काच, वातीच्या टोकाला लोंबलेला दुधाचा थेंब, आणि स्वतःचाच आवाज, कोरडा, ठाम: बास, आई. इतकी वर्षं तिनं त्या मोजण्याला आजार समजला होता.

दुपारी ती तुलाराम सोनाराकडं गेली. शेतीच्या दुकानातून आणलेला निळा खडा कागदात होता. "गुंजभर तोलून द्या." तुलारामनं चष्मा कपाळावर चढवला. "मोरचूद? माझ्या काट्यावर? वहिनी, कुनाले घालता? भाऊ चांगला मानूस हाय हो." "माशाला." "मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि काचेच्या पेटीतला काटा काढून, श्वास रोखून, त्यानं ते काम असं केलं की जणू मंगळसूत्राचा मणी तोलतोय. लाल गुंज एका पारड्यात, निळी पूड दुसऱ्यात. दोन्ही पारडी सारखी झाली तेव्हा दुकानातली सगळी माणसं एकदम सैल झाली. तंबाखूला चुना मागायला आलेलं गिऱ्हाईक कुसुमला म्हणालं, "मासा बरा झाला की सांगजा बाई." दोन दिवस तिनं चमच्या-चमच्यानं तो कप ओतला. एका हाताला कप, एका हाताला घड्याळ. मध्ये एकदा लाइन गेली, पंप बंद पडला, तेव्हा चंद्रभाननी सायकलचा पंप लावला आणि पाऊण तास हवा मारली, घामानं निथळत म्हणाले, "मिल बरी. तिथं निदान तांदूळ निघतो." केशरबाई दारातून ओरडल्या, "हळू मार ना रे, मासोळी उडून जाईल!" रुखमा इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि कुसुमनं पहिल्यांदाच उचक्या मोजल्या नाहीत.

नवव्या दिवशी ठिपके विरळ झाले. अकराव्या दिवशी मोठा केशरी नळीतून बाहेर आला, उकडून कुस्करलेल्या कोळंबीच्या कणाकडं गेला, त्याला हुंगल्यासारखं केलं आणि गिळला. कुसुम तिथंच उभ्या उभ्या हात उंचावून ओरडली. शेजारच्या सुंदरबाई कुंपणावरून डोकावल्या: "काय झालं वो? लॉटरी लागली?" केशरबाईंनी उत्तर दिलं: "बाळंतीन जेवली!" आणि त्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बाई जाता-येता विचारू लागली, बाळंतीन कशी हाय, आज काय खाल्लं, तेल-मालीश केली का. कुसुमही खुशाल उत्तरं देऊ लागली. तिला कळलं की तीन वर्षांपूर्वीही हे सगळे असंच विचारत असणार, आणि आपण काचेच्या दाराशी असल्यानं आपल्याला ऐकू आलं नसणार. झरोक्यातून दुपारी एक उन्हाची पट्टी यायची, ती बरोबर सव्वादोनला टाकीच्या पाण्यात उतरायची, आणि दोन केशरी मासे तिच्यातून आरपार जायचे, पेटायचे, विझायचे, पेटायचे. बाहेर मिलचा भोंगा, उन्हात कोंड्याची धूळ, दारात चपला. तिला वाटायचं, हे असंच असू दे, कुणी बाहेर काढू नका. आणि लगेच दुसरं वाटायचं, एवढीशी टाकी आहे, बिचारे वळतात तर शेपटी काचेला लागते.

बाविसाव्या दिवशी, रविवारी, त्यांना बैठकीत आणलं. पिशवी मोठ्या टाकीत अर्धा तास तरंगत ठेवली, मग वाटी-वाटीनं तिच्यात पाणी घातलं, मग वेगळ्या जाळीनं सोडलं. निळा मासा कोपऱ्यातून बाणासारखा आला. तो दोघांभोवती एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि मग घरच्या माणसानं पाहुण्याला पाट दाखवावा तसा बाजूला झाला. केशरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "धूर झाला." चूल पेटलेली नव्हती. रुखमा बराच वेळ बघत राहिली. मग कंबरेवर हात ठेवून तिनं आईकडं वळून विचारलं, "माझा सोमवार उद्याच आहे ना?"

सोमवार उजाडलाच. कुसुमनं तिला पिवळा स्वेटर घातला, दोन वेण्या घातल्या, डब्यात शिरा दिला, आणि दारातून निघताना हात सोडला. म्हणजे रुखमानंच सोडवून घेतला, आणि वडिलांच्या पुढं पळत गेली. वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यानंतर केशरबाईंनी सूनबाईला उंबरठ्याच्या आत पाट दिला आणि बजावलं, "बारा वाजेपर्यंत इथून हलाचं नाई. तू खिडकीत दिसली तं पोरगी रडन." कुसुमनं शब्द दिला आहे, आणि आता ती तो मोडणार नाही. आत्ता सकाळचे सव्वादहा झालेत. टाकीत तिघं फिरताहेत, ते ठीक आहेत, त्यांच्याकडं बघायचं कारण नाही.

पण मी इथं पाटावर आहे, तुम्ही तर बाहेरच आहात. तुम्ही धान्याच्या बाजाराकडं निघालाच असाल, तर मारुतीच्या देवळामागं वळा, निळ्या दाराची बालवाडी लागेल. आत जाऊ नका, आणि कुणी पाठवलं ते सांगू नका. तिथल्या बाई, शोभाताई, चांगल्या आहेत, पण हसतील. झाडाआडून फक्त खिडकीत बघा. पिवळा स्वेटर. एक वेणी एव्हाना सुटलीच असेल. रडत असेल तर मला सांगायला येऊ नका. नाही, या. नाही, थांबा, रडत असेल तर तिथंच थांबा, तिचं थांबेपर्यंत थांबा, आणि मग सावकाश या. आणि हसत असेल, तर धावत आलात तरी चालेल. बघून याल ना?